सहा डोक्यांची शिंदी

१२ फेब्रुवारी १९८९, रविवार

सगळ्यात आधी आली सुमनबाई. विरजण मागायला. सकाळी दहा वाजता कोण दूध विरजतं? तिनं गल्लीच्या तोंडाशी जीप पाहिली, दुसरं काय. मी म्हटलं बस, विरजण देते, पाहुणेही पाहून घे.

जीपमधून उजू उतरली. माझी नात, भास्करची थोरली, जळगावला कॉलेजात झाडापानांचं शिकते. तिच्यामागं तिचे सावळे सर आणि एक इनामदार मॅडम, गळ्यात कॅमेरा. सर चहाला बसले नाहीत, म्हणाले आधी झाड. मला बरं वाटलं. मुलगी पाहायलासुद्धा कोणी एवढ्या घाईनं येत नाही.

झाड म्हणजे आमची शिंदी, खजुराच्या जातीतली. नाल्याच्या वळणावरची, आमच्या केळीच्या बांधाला. शिंदीला एक खोड, एक डोकं, हे शेंबडं पोरही जाणतं. आमचीला सात. गाव तिला साती आसराच म्हणतं. बायका जाता-येता हात जोडतात.

सर तिच्याभोवती तीनदा फिरले. टेपनं घेर घेतला, बांबूला टेप बांधून उंची घेतली. मग मान वर करून डोकी मोजली. सहा. मॅडमनी मोजली. सहा. सुमनबाई म्हणाली, एखादं मागं लपलं असेल. मागं जाऊन मोजलं. सहाच. चाळीस वर्षं गाव सात म्हणतंय आणि मोजलं कोणी नाही. मीसुद्धा दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सात बोटं कुंकू लावते. हसून हसून माझं पोट दुखलं.

मग सरांनी विचारलं, “आजी, ही पहिल्यापासून अशीच आहे? की कधी शेंडा मोडला, वीज पडली, कोणी कापलं?”

“जन्मल्यापासून अशीच,” मी म्हटलं. “मी लग्न होऊन आले तेव्हाही अशीच होती.”

सर एकदम खूश. लिहून घेतलं. माझं नाव, वय, माहेर, सगळं लिहून घेतलं. मॅडमनी शिंदीला हात लावून माझा फोटो काढला. पदर नीट होता की नाही, आठवत नाही.

जेवायला वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. सरांनी दोनदा मागून घेतलं. सुमनबाई विरजण विसरून गेली.

१३ फेब्रु., सोमवार

ही वही उजूनं दिली. तिची प्रॅक्टिकलची, अर्धी कोरी. एका पानाला रेघा, शेजारचं साधं, तिथं म्हणे चित्र काढायचं. मी दोन्हीकडं लिहिते. दुसरीपर्यंत शाळा झाली, पुढं प्रौढांच्या वर्गात गेले. उजू म्हणते रोज चार ओळी लिही, नाहीतर अक्षर जाईल. चार ओळीत कोणाचं काय होतं?

काल एक लिहायचं राहिलं. जाताना सरांनी भास्करला बाजूला घेतलं. भास्करला वळणावरचा रस्ता रुंद करायचाय. केळीचा ट्रक वळणाच्या अलीकडं थांबतो, तिथवर मजूर घड डोक्यावर वाहतात. माल घासतो, काळा पडतो, व्यापारी नाक मुरडतो. त्याचं चूक नाही. शिंदी बरोबर वळणावर. होळीनंतर पाडणार होता.

सर त्याला म्हणाले, कापल्यामुळं किंवा किडीनं शेंडा गेला आणि झाड फुटलं, तर त्याचं एवढं विशेष नाही. असं कुठंकुठं होतं. पण आपसूक फुटलेली शिंदी फार दुर्मिळ. तिचं बी जपायला हवं. भास्कर म्हणाला, “माय सांगते आहे ना जन्मापासून, मग ऱ्हाऊ द्या.”

माय सांगते आहे ना.

१८ फेब्रु.

चार दिवस लिहिलं नाही. आज लिहूनच टाकते, वही काय बोलणार आहे.

शिंदी मी कापली होती.

माझं माहेर शिंदखेड्याकडं. तिथं नदीकाठी शिंद्यांचं बन. एखादी गेली तर कोणाला कळतही नसे. माहेरी पोटुशी बाई असली की शिंदीचा शेंडा सोलून आतला पांढरा गाभा देतात. खोबऱ्यासारखा, पण ओला, गोड. माझी माय म्हणायची, पोटवालीले गाभा गोड लागस. भास्कर पोटात होता तेव्हा मला दुसरं काही नको, तो गाभा हवा. सासरी कोणाला सांगणार? इथं नाल्यावर मोजक्या शिंद्या, सासूबाईंचा त्यांच्यावर जीव. केरसुण्या त्यांच्याच पानांच्या व्हायच्या. आणि गाभा काढला की झाड मरतं, हे मला माहीत होतं. हेही लिहिते. माहीत होतं.

दुपारी सासूबाई निजल्या तशी कोयता घेऊन गेले. सोबत कौतिक, माझी नणंद, तेव्हा दहा वर्षांची. बांधावर उभं राहिलं की शेंड्याला हात पुरत होता. पानं सारली, काटे टोचले, आडवे दोन घाव घातले. निम्मा शेंडा कलला. तेवढ्यात कौतिक म्हणाली, “वहिनी, माय उनी.” (तेव्हा ती माझीच बोली बोलायची, माझ्या मागंमागं असायची.) कोयता ओच्यात घालून पळालो. सासूबाई आल्याच नव्हत्या. पोरगी काट्यांना घाबरली होती.

बोटभर गाभा मिळाला. त्यातला अर्धा तिनं खाल्ला.

पुढल्या वर्षी झाड वाळल्यासारखं, मग त्यातून दोन कोंब. मग आणखी. सासूबाईंनी पाहिलं आणि कुंकू आणलं. पाण्याकाठचं झाड, एवढी डोकी, म्हणजे साती आसराच. मी मागं ताट धरून उभी. तेव्हा नाही बोलले. आता चाळीस वर्षांनी जीप आली तर म्हणते जन्मल्यापासून.

का म्हटलं? भास्कर पाडेल म्हणून नाही. तेव्हा त्याचं पाडायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. सगळे माझ्याकडं पाहत होते, मॅडम कॅमेरा धरून. चांगलं वाटलं म्हणून.

२ मार्च

उजूचं पत्र. सरांनी कॉलेजात सगळ्यांना फोटो दाखवला, शिंदीचा आणि माझा. पदर नीट आहे म्हणे. उजूला वर्षाच्या प्रकल्पाला हेच झाड दिलंय. जूनमध्ये शिंदोळ्या पिकल्या की सर येऊन बी नेणार, कॉलेजच्या बागेत शंभर रोपं करणार. त्यांना डोकी फुटतात का, ते पाहायचं.

शिंदीला खोड धरायलाच किती वर्षं लागतात. उजू लिहिते, सर तोवर निवृत्त होतील, म्हणून पुढची पाहणी तिच्याकडं देणार. दहा वर्षं, पंधरा वर्षं. खाली लिहिलंय, “मोठी माय, तुझ्यामुळं मला आयुष्यभराचं काम मिळालं.”

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा सुमनबाईनं वाचून दाखवलं, तिला आवाज आहे. ती म्हणाली, रडता काय, चांगलंच लिहिलंय पोरीनं.

शंभर रोपांना पाणी घालून पोरगी वाट पाहणार, आणि त्यांच्या आईचं डोकं कोयत्यानं फुटलेलं.

९ मार्च

आज नाल्यानं वरपर्यंत गेले. काठी घेतली, पाण्याचा तांब्या घेतला. चाळीस वर्षं त्याच वाटेनं जाते आणि शिंद्या कधी पाहिल्या नाहीत, पाहिली ती शिंदीची पानं. आज एकेक पाहिली.

एकसारखी एक नाही. खडकातली आखूड, जाड, डोकं एवढं गच्च की घुबडाचं घर असावं. ओलीतली उंच आणि सडपातळ, नव्या नवरीसारखी वाकलेली. एकीचं खोड मधेच बारीक, पुन्हा जाड. ते दुष्काळाचं वर्ष असणार, माणसाच्या अंगावरही तसंच दिसतं. मशिदीमागच्या दोन जुन्या तर नागमोडी, कारण पूर्वी ताडीवाले एका साली या अंगानं तासायचे, दुसऱ्या साली त्या अंगानं. एक पडली, आडवी झाली, आणि टोकाशी पुन्हा उठून सरळ वर गेली. तिच्यापाशी बराच वेळ बसले.

आणि आमच्या शिंदीपासून हाकेवर, करवंदीत, एक लहानी. माझ्या कमरेएवढी. तिला दोन डोकी.

दोन. मी हात लावून पाहिलं. घाव दिसत नाही. तिथं कोयता घेऊन कोण जाईल? मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे आमच्या शिंदीच्या रक्तातच असेल, मी कापली नसती तरी फुटली असती. मग वाटलं, शेळीनं कोंब खाल्ला असेल. शेळी शिंदी खाते का? काटे असतात. पण शेळी काय खात नाही?

घरी आले तर भास्कर म्हणाला, “माय, सकाळपासून शिंदीखाली होतीस म्हणे. तुले चढली तर नाई?” गडी हसले. मीही हसले.

२६ मार्च

होळी झाली. वळणाच्या मातीचं काम करणारा येऊन गेला. भास्करनं त्याला थांबवलंय. मला म्हणाला, सर येऊन कागदावर लिहून देतील की झाड दुर्मिळ, तर रस्ता पलीकडच्या बांधानं नेऊ. त्यात आपल्या केळीच्या दोन ओळी जातील, जाऊ दे. पण सरांनी लिहून दिलं नाही तर पावसाआधी पाडणार. “तू म्हणतेस म्हणून दोन ओळी सोडतोय, माय.”

किती शहाणा माझा मुलगा. त्याच्यासाठीच तर गाभा खाल्ला होता.

खरं सांगितलं तर शिंदी जाते. नाही सांगितलं तर उजू आणि सर पंधरा वर्षं माझ्या खोट्याला पाणी घालतात. देवासमोर बसले. ज्वारी निवडली.

८ मे, आखाजी

कौतिक येणार, कौतिक येणार, म्हणून महिनाभर जीव टांगणीला. दरवर्षी आखाजीला माहेरी येते. आता तिलाही नातवंडं आहेत, पण झोका बांधला की पहिली तीच बसणार. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. शिंदीची गोष्ट भास्करसमोर निघाली असती तर संपलंच होतं. सकाळपासून मी तिच्या मागंमागं, ताटात पुरणपोळी वाढून वाढून तोंड भरून ठेवलं.

दुपारी घागर भरून पूजा झाली, बायका शिंदीला कुंकू लावायला निघाल्या. आम्ही दोघी मागं राहिलो तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, कौतिकबाई, आठवतं का, आपण हिचा शेंडा...

ती थांबली. मग एवढी हसली की कुंकवाची वाटी सांडली.

“वहिनी, तू कापली ते हे झाडच नाही,” ती म्हणाली. “ते मेलं. माझ्या भाऊनं त्याचं खोड पोखरून मोटेच्या पाण्याला पन्हाळ केली. ही तर तवा बारकी होती, बाजूले. हिले तवाच दोन तोंडं होती.”

“तू दहा वर्षांची होतीस.”

“मग? तू येडी झाली होती गाभ्यासाठी. माझे डोळे उघडे होते.”

पन्हाळ मला आठवते. शिंदीच्याच खोडाची होती. पण कोणत्या शिंदीच्या? दोन कोंब फुटताना मी पाहिले, ते आठवतं. की सासूबाईंनी इतक्यांदा सांगितलं म्हणून आठवतं? कौतिकवर भरवसा कसा ठेवायचा. तिला स्वतःचं बारसंही आठवतं म्हणते, कोणी कोणती साडी नेसली होती त्यासकट.

आज कुंकू लावताना सहा बोटं लावली. मग भीती वाटली, सातवंही लावलं.

१० मे

खोडाशी गेले. सर त्या दिवशी म्हणाले होते, शिंदी शेंड्याकडूनच वाढते, खालचं खोड लांबत नाही. एकदा खूण पडली की ती जिथल्या तिथं राहते. मग माझा घाव असेल तर जिथं फाटा फुटला तिथंच असणार.

फाटा माझ्या डोक्यावर दोन हात. मी काही तेवढी उंच नव्हते. पण बांधावर उभी होते, आणि बांध आता वाहून वाहून खाली बसलाय. तेव्हा किती उंच होता? भास्करला विचारलं. तो म्हणाला, मी पाहतोय तेव्हापासून एवढाच. कौतिक म्हणाली, छे, त्यावरून आम्ही घसरगुंडी करायचो. मग भास्कर म्हणाला, बांधाचं काय काढलंय आज?

जुन्या विहिरीपाशी पन्हाळीचा तुकडा सापडला. हातात घेतला तर वाळवीच.

२१ मे

उजू सुट्टीला आलीय. वाळली. पेपर बरे गेले म्हणते. प्रकल्पाची वही दाखवली. स्वच्छ अक्षर, शिंदीचं चित्र, सहा डोकी, प्रत्येकाला आकडा. खाली लिहिलंय, झाड जन्मतःच बहुशाखी असल्याचे स्थानिक वृद्ध स्त्रीने सांगितले. मी बोट ठेवून वाचलं. स्थानिक वृद्ध स्त्री म्हणजे मी.

तिला पापड वाळत घालायला गच्चीवर नेलं आणि सांगून टाकलं. गाभा, कोयता, कौतिक, सगळं. कौतिक आता काय म्हणते तेही. करवंदीतली लहानी, शेळी, तेही. थांबलेच नाही.

उजूनं पापडाची परात खाली ठेवली.

“म्हणजे तुला माहीतच नाही,” ती म्हणाली.

“आता नाही माहीत.”

“मग तेव्हा जन्मल्यापासून का म्हणालीस?”

काय सांगू? म्हटलं, मॅडम फोटो काढत होत्या.

ती खाली निघून गेली. पापड मी एकटीनंच घातले.

२३ मे

दोन दिवस झाले, उजू माझ्याशी बोलत नाही. ताट समोर ठेवते, पाणी देते, बोलत नाही. तिच्या आईला वाटतं तिचं परीक्षेचं काही बिनसलं. सुमनबाई येऊन पाहून गेली, यावेळी साखर मागायला.

संध्याकाळी आपणहून आली, माझ्या पायाशी बसली. म्हणाली, करवंदीतली दाखव. दोघी गेलो. तिनं गुडघ्यावर बसून दोन्ही डोकी बाजूला सारली, बरंच पाहिलं, जुनी पानं सोलून पाहिली. मी विचारलं, काय दिसतं. म्हणाली, कळत नाही. शेळीनं खाल्लंय असं नक्की सांगता येत नाही, आणि नाही खाल्लं असंही नाही.

येताना म्हणाली, “वहीतली ती ओळ मी खोडलीय. पण सरांना मी सांगणार नाही. तू सांगशील.”

“भास्करसमोर?”

“आबांसमोर नको तर मग कोणासमोर? झाड त्यांच्याच बांधावर आहे.”

मला म्हणायचं होतं, मग झाड जाईल. ती तेही जाणते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मला दिसू नये म्हणून पुढं चालली.

१ जून

सरांचं कार्ड आलं. भास्करनं ओट्यावर मोठ्यानं वाचलं. ते आणि मॅडम येणार, बी नेणार, रस्त्यासाठी हवं ते पत्रही सोबत आणणार, फक्त आजींची जबानी पुन्हा एकदा नीट लिहून घेऊन सही घ्यायचीय. मजूर ते येतील त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी यायचे आहेत. भास्करनं त्यांना अजून नको म्हटलेलं नाही.

सही. मी सही करते, अंगठा देत नाही. त्या सहीचा मला किती अभिमान.

४ जून

शिंदोळ्या पिवळ्या पडल्यात. पोपट आणि पोरं दोन्ही झोंबतात. भास्करला शिडी लावायला लावून तीन घोसांना जुन्या लुगड्याचे तुकडे बांधले. तो वर चढलेला, मी शिडी धरलेली. वरून म्हणाला, “माय, इथं जुना व्रण आहे. आडवा.”

मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

मग तो म्हणाला, “का पानं गळाल्याची खूण आहे कोणास ठाऊक. सगळीकडं तशाच दिसतात.” आणि खाली उतरला.

मी विचारलं नाही, कोयत्याचा वाटतो का. त्यानंही विचारलं नाही. पण उतरल्यावर माझ्याकडं थोडं जास्त पाहिलं. मुलगा माझा आहे, गाभ्यावर वाढलेला.

७ जून

मनातल्या मनात बोलून पाहते. सर, मी कापली. सर, मी कापली असेल. सर, एक कापली, ती मेली, ही वेगळी असेल. प्रत्येक वेळी शेवट वेगळा होतो. गाईसमोर म्हणून पाहिलं, तर ती कान हलवून उठली.

ऐनवेळी सगळे माझ्याकडं पाहतील, मॅडम कॅमेरा धरतील, आणि मी पुन्हा जन्मल्यापासून म्हणेन, ही मला खरी भीती. मी माझी मला ओळखते. म्हणून उजूला सांगून ठेवलंय, मी घसरले तर ही वही सरांच्या हातात दे. १८ फेब्रुवारीच्या पानात शिंदीचं पान घालून ठेवलंय. उजू म्हणाली बाकीची पानं वाचली तर? मी म्हटलं वाचू दे, भरीत आवडलं होतं तेही लिहिलंय.

सुमनबाई सगळ्यांच्या आधी येणारच. तिला विरजण आदल्या दिवशीच देऊन ठेवायचं.

कार्डावर लिहिलंय, रविवार, ११ जून, सकाळी अकराच्या आत पोचतो.